पहिल्या नोकरीवर निघालेल्या मुलांना नेमके काय सांगावे?

उंबरठा
माझी मुलगी सतरा वर्षांची आहे आणि येत्या सोमवारपासून ती एका मोठ्या दुकानात कामाला लागते आहे. शिक्षण सुरूच राहणार असून आठवड्यातले तीन दिवस, रोज चार तास असे काम ठरले आहे. तिला चार गोष्टी सांगाव्यात म्हणून मी कागद घेऊन बसलो आणि बघता बघता दोन पाने भरली. वेळेवर जा, फोन पिशवीत ठेव, उलट उत्तर देऊ नकोस, थकलीस तरी चेहऱ्यावर दाखवू नकोस, असे बरेच काही त्यात होते. पुन्हा वाचल्यावर जाणवले की ही दोन पाने तिच्या उपयोगाची कमी आणि माझी काळजी हलकी करणारी जास्त आहेत. त्यातले बहुतेक तिला ठाऊकच आहे, आणि जे ठाऊक नाही ते कदाचित मलाही सुचलेले नाही.

म्हणून इथे विचारतो. तुमच्या पहिल्या नोकरीच्या आधी कोणी कोणती गोष्ट सांगितली असती तर बरे झाले असते? शक्यतो स्वतःला आलेला अनुभव लिहावा, कारण सुविचार माझ्या दोन पानांत पुरेसे झाले आहेत.

जुनाजाणता
मी सोळाव्या वर्षी छापखान्यात लागलो. माझा सल्ला एकच आहे : पहिले सहा महिने तोंड बंद आणि डोळे उघडे ठेवावेत. पडेल ते काम करावे, झाडायला सांगितले तर झाडावे. हाताला वळण लागते ते असेच. हल्लीची मुले कामावर रुजू होण्याआधीच हक्कांची भाषा बोलू लागतात आणि त्यामुळे त्यांना शिकवण्याची जुन्या माणसांची इच्छा निघून जाते, असे मी अनेकदा पाहिले आहे. आपल्या मुलीला शुभेच्छा.

मृदा
धागा वाचनखुणांत साठवला आहे. माझा भाचाही याच उंबरठ्यावर आहे.

सुतारपक्षी
जुनाजाणता, आपल्या अनुभवाविषयी पूर्ण आदर ठेवून मी 'तोंड बंद' या शब्दांना विरोध नोंदवतो. गेली अठरा वर्षे मी कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचे काम करतो आणि नव्या मुलांच्या अपघातांमागे मला सर्वांत जास्त वेळा दिसलेले कारण म्हणजे न विचारलेला प्रश्न.

टोरांटोच्या 'इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ' या संस्थेच्या अभ्यासांत असे आढळले आहे की, कामावरच्या पहिल्या महिन्यात रजा घ्यावी लागण्याइतकी दुखापत होण्याचा धोका हा वर्षाहून अधिक अनुभव असलेल्या कामगाराच्या तिपटीहून जास्त असतो. धोका नवखेपणात आहे. चाळिशीतला माणूसही नव्या कामावर पहिल्या महिन्यात असाच धोक्यात असतो. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत त्यात एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे आपल्याला हे जमत नाही असे दिसू नये ही धडपड. शिडी नीट लावलेली नाही हे डोळ्यांना दिसत असते, पण 'एवढेही कळत नाही का' असे कोणी म्हणेल या भीतीने मूल वर चढते.

म्हणून काही ठोस गोष्टी लिहितो. टेकवून लावायच्या शिडीचा वरचा टेकू चार हात उंचीवर असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक हात दूर असावा. यंत्रात काही अडकले तर आधी यंत्र बंद करावे, वीज तोडावी आणि मगच हात घालावा. 'फक्त एक क्षण' म्हणून चालू यंत्रात घातलेल्या हाताच्या कहाण्या मी इथे लिहीत नाही. मोकळी बाही, गळ्यातली साखळी, सुटे केस फिरत्या भागाजवळ नेऊ नयेत. भाजल्यास वीस मिनिटे गार वाहत्या पाण्याखाली धरावे, बर्फ किंवा घरगुती लेप लावू नये. साफसफाईची दोन रसायने कधीही एकत्र करू नयेत. क्लोरीनयुक्त ब्लीच आणि आम्लयुक्त क्लीनर मिसळले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो, आणि हे बंद स्वच्छतागृहात नव्या मुलाकडूनच घडते, कारण साफसफाईचे काम बहुधा त्याच्याच वाट्याला येते आणि बाटल्यांवरचे वाचायला त्याला कोणी सांगितलेले नसते.

पहिल्या दिवशी चार गोष्टी विचारल्याशिवाय कामाला हात लावू नये : बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोणता, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, यंत्राचे बंद करण्याचे बटण कोणते, आणि काही झाले तर कोणाला सांगायचे. हे विचारल्याने कोणी उद्धट ठरत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या कराराने तर, जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असे रास्त कारणाने वाटले म्हणून काम सोडून बाजूला झालेल्या कामगाराला त्याचे अनुचित परिणाम भोगावे लागू नयेत, असे तत्त्व मान्य केले आहे.

केवडा
सुतारपक्षी यांनी शरीराच्या दुखापतीविषयी लिहिले आहे, मी दुसऱ्या प्रकारच्या दुखापतीविषयी लिहिते. माझी पहिली नोकरी अठराव्या वर्षी एका दुकानाच्या गल्ल्यावर होती. दुकान कोणते ते सांगण्यात अर्थ नाही. तिथे तीन मुली एकाच सांकेतिक शब्दाने एकच यंत्र वापरत असत, आणि मी जेवायला गेले की कोणीतरी माझ्या जागी बसत असे. दुसऱ्या आठवड्यात हिशेबात तूट आली. त्या दिवशीच्या कागदावर माझी सही होती, कारण 'इथे सही कर' असे सांगितल्यावर मी ती न मोजता केली होती. पैसे माझ्या पगारातून कापले गेले. पैशांचे दुःख महिन्याभरात संपले, पण 'हिच्याकडे लक्ष ठेवा' हे मी ऐकलेले वाक्य पुढे अनेक वर्षे माझ्याबरोबर राहिले.

आपल्या मुलीचे काम गल्ल्यावर असेल तर तिला एवढेच सांगा, की बसताना आणि उठताना रक्कम दुसऱ्या माणसासमोर मोजावी, जागेवरून उठताना खण कुलूपबंद करावा, आपला सांकेतिक शब्द मैत्रिणीलाही देऊ नये, आणि न मोजलेल्या रकमेखाली सही करू नये. यात कोणावरही अविश्वास नाही. तूट आली तर प्रामाणिक माणूस हा प्रामाणिक आहे हे दाखवणारी दुसरी काहीच सोय नसते.

उंबरठा
केवडा, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. माझ्या दोन पानांत 'प्रामाणिक राहा' असे होते, पण तो प्रामाणिकपणा सिद्ध कसा करता येतो याबद्दल एक शब्दही नव्हता.

हिशेबनीस
पगाराविषयी अजून कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहितो. ठरलेला पगार आणि हातात पडणारा पगार या दोन वेगळ्या रकमा असतात, हे बहुतेक मुलांना पहिल्या महिनाअखेरीस कळते आणि त्यांना फसवले गेल्यासारखे वाटते. प्रत्येक वेळी ती फसवणूक नसते. कर, विमा, निवृत्तिनिधी यांची कपात असू शकते. पण ती कपात कशाची आहे हे कागदावर लिहिलेले असले पाहिजे. वेतन-संरक्षणाचा ९५ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार १९४९ मधला आहे, म्हणजे पगारातून मनमानी कपात करता येऊ नये हा विचार अजिबात नवा नाही.

माझी सवय सांगतो. एका छोट्या वहीत रोज तीनच नोंदी कराव्यात : किती वाजता आलो, किती वाजता निघालो, मध्ये सुटी किती मिळाली. महिन्याच्या शेवटी ही वही पगारपत्रकाशेजारी ठेवावी. फरक दिसला तर आधी चूक झाली असेल असे धरून शांतपणे विचारावे. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ती खरोखर चूकच निघते आणि दुरुस्तही होते. मात्र ज्याच्याकडे वही नाही त्याच्याकडे फक्त आठवण असते, आणि आठवणीवर कोणी पैसे देत नाही.

आणखी एक धोका पालकांनीही समजून घ्यावा. नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो. १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारानुसार खासगी भरती संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेणे हेच मुळात अमान्य आहे, काही अपवाद वगळता. ओळखपत्राची प्रत द्यावी, मूळ कागद कोणाकडे ठेवायला देऊ नये. आणि 'तुझ्या खात्यावर थोडे पैसे येतील, ते पुढे पाठव, तुला टक्केवारी मिळेल' असे काम कोणी देऊ केले तर ते काम नव्हे. चोरीचा पैसा फिरवण्यासाठी नवी, कोरी खाती लागतात आणि ती किशोरवयीन मुलांकडे असतात. खाते गोठते, चौकशी होते, आणि आपल्याला ठाऊक नव्हते हे सांगत फिरावे लागते.

मृदा
हिशेबनीस, पहिल्या पगारातून बचत करायला सांगावी का? आमच्या घरी यावरून वाद चालू आहे.

हिशेबनीस
सांगावी, पण सगळा पगार साठवायला लावू नये. गणित सोपे आहे. रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल याचा अंदाज ७२ ला वाढीच्या टक्क्यांनी भागून येतो. वर्षाला ८ टक्के वाढ धरली तर ७२ ला ८ ने भागून ९ येतात, म्हणजे साधारण ९ वर्षांत रक्कम दुप्पट होते. सोळाव्या वर्षी ठेवलेली रक्कम एकसष्टाव्या वर्षापर्यंत पाच वेळा दुप्पट होते, म्हणजे बत्तीस पट. तीच रक्कम पंचविसाव्या वर्षी ठेवली तर सोळा पट. नऊ वर्षांच्या उशिराने निम्मे जाते. अर्थात ८ टक्के हा केवळ उदाहरणापुरता आकडा आहे आणि महागाई त्यातला काही भाग खाते. तरीही स्वतः कमावलेल्या पैशातून स्वतःच्या आवडीची एखादी वस्तू घेतल्याशिवाय मुलाला त्या पैशाची किंमत कळत नाही, असे माझे मत आहे. पहिल्या पगारातला मोठा वाटा त्याच्या मनासारखा खर्च होऊ द्या.

पाऊलवाट
मी या धाग्यावरच्या सर्वांपेक्षा लहान असेन. मला अठरा पूर्ण झाली आहेत आणि पहिल्या नोकरीला एक वर्ष झाले आहे, म्हणून आठवण ताजी आहे तोवर लिहितो.

मला सर्वांनी वक्तशीरपणा सांगितला, पण हातातले काम संपल्यावर काय करायचे हे कोणीही सांगितले नाही. पहिल्या आठवड्यात मी काम संपवून भिंतीला टेकून उभा राहत असे, कारण न विचारता कशाला हात लावावा की नाही हे मला कळत नव्हते. लोकांना वाटले की मुलगा आळशी आहे. शेवटी एका ताईंनी बाजूला घेऊन सांगितले, की 'हे झाले, आता पुढे काय करू' हे वाक्य दिवसातून दहा वेळा बोलले तरी चालते. त्या एका वाक्याने माझे अर्धे ओझे उतरले.

दुसरी गोष्ट म्हणजे उभे राहणे. सलग चार तास उभे राहिल्यावर पाय किती दुखतात याची मला कल्पना नव्हती. दिसायला चांगले म्हणून घेतलेले बूट तीन दिवसांत बदलावे लागले.

तिसरी गोष्ट जुनाजाणता यांना उद्देशून आहे आणि मी ती आदराने लिहितो. आमच्या वयाची मुले प्रश्न विचारतात तेव्हा दर वेळी हक्क सांगत नसतात. बहुतेक वेळा आम्ही घाबरलेले असतो. 'हे असेच का करायचे' या प्रश्नाचा अर्थ 'मी करणार नाही' असा नसून 'चुकले तर काय होईल ते मला समजू द्या' असा असतो.

रखवाल
पाऊलवाट यांचा प्रतिसाद मी आमच्याकडच्या पर्यवेक्षकांना वाचायला देणार आहे. गेली बारा वर्षे मी गोदामात नव्या मुलांना कामावर घेतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने दोन शब्द लिहितो.

चूक केलेल्या मुलाला मी अजून कामावरून काढलेले नाही. चूक लपवलेल्या मुलांना मात्र काढावे लागले आहे. फुटलेली बरणी लगेच सांगितली तर ती एक फुटलेली बरणी असते; मागे सरकवून ठेवली तर दुसऱ्या दिवशी तिच्यावरून कोणीतरी घसरते. मुलांनी 'माझ्याकडून हे झाले, आत्ता काय करू' एवढे बोलायला शिकावे, कारण त्यात चूक, जबाबदारी आणि तयारी तिन्ही आले.

आजारी पडल्यास कामाची पाळी सुरू होण्याआधी स्वतः फोन करावा. मित्राकरवी निरोप नको आणि आईचा फोन तर नकोच. आम्हाला राग गैरहजेरीचा येत नाही, बदली माणूस शोधायला वेळ उरत नाही याचा येतो. परीक्षेच्या तारखा आधीच लेखी द्याव्यात. आणि नोकरी सोडायची झाली तर एक दिवस येणे बंद करू नये. लेखी कळवावे, ठरलेली मुदत पूर्ण करावी, शिल्लक पगार आणि शिफारसपत्र घेऊन निघावे. पुढच्या ठिकाणी मला फोन येतो आणि मी खरे तेच सांगतो.

केवडा
रखवाल, 'आईचा फोन तर नकोच' याच्याशी मी अर्धीच सहमत आहे. वेळापत्रक, सुटी, रुसवेफुगवे यांत आईवडिलांनी पडू नये हे खरे. पण मुलीला तिथे कोणी त्रास देत असेल तर आईने फोनच काय, प्रत्यक्ष जायला हवे.

रखवाल
हे मला पूर्णपणे मान्य आहे. माझे वाक्य अपुरे होते.

निशिगंध
केवडा यांनी विषय काढलाच आहे तर तो अर्धवट राहू नये. कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ याविषयीचा १९० क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार २०१९ मध्ये संमत झाला आणि जून २०२१ पासून अमलात आला. त्यातल्या दोन गोष्टी तरुण मुलांसाठी फार महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की संरक्षण केवळ कायम कामगारांना नाही; शिकाऊ, प्रशिक्षणार्थी, स्वयंसेवक आणि नोकरीसाठी अर्ज केलेली व्यक्तीसुद्धा त्यात येते. 'तू तर इथे फक्त शिकायला आली आहेस' हे उत्तर टिकत नाही. दुसरी अशी, की कामाशी संबंधित संदेश आणि कामावर ये-जा यांचाही त्यात विचार आहे. प्रत्येक देशाने हा करार स्वीकारलेला नाही, म्हणून आपल्याकडचा कायदा पाहावाच लागतो. पण चांगले वागणे कशाला म्हणतात याचे माप म्हणून मुलांना हे माहीत असावे.

माझ्या पहिल्या नोकरीत वरिष्ठांचे संदेश रात्री अकरानंतर येऊ लागले. आधी कामाचे, मग कामाबाहेरचे. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला वाटत राहिले की उत्तर दिले नाही तर कामाच्या पाळ्या कमी होतील. मी ते संदेश लाजेने पुसून टाकले, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तेव्हा दाखवायला माझ्याकडे काहीही नव्हते. मुलींना आणि मुलांनाही सांगा : संदेश पुसू नका, तारीख-वेळ लिहून ठेवा, आणि पहिल्याच वेळी घरात एका माणसाला सांगा. त्या माणसाने ऐकताना 'तू काय केलेस' असे विचारू नये, ही जबाबदारी आपली, पालकांची आहे.

मृदा
निशिगंध, आपण हे लिहिलेत याचे मोल मोठे आहे. एक प्रश्न राहतो. रात्रीच्या पाळ्या आणि अभ्यास यांचे काय करावे? भाच्याला आठवड्याला वीस तासांचे काम देऊ केले आहे.

शांतरस
मी शिक्षक आहे, म्हणून याचे उत्तर देतो. 'अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन'ने २०१६ मध्ये १३ ते १८ वयाच्या मुलांसाठी ८ ते १० तास झोपेची शिफारस केली आहे. या वयात शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकलेले असते, त्यामुळे रात्री उशिरा सुटणारी पाळी आणि सकाळचा वर्ग यांच्यामध्ये ती झोप बसतच नाही. वर्गात डुलक्या घेणारी मुले मी रोज पाहतो आणि त्यांतली कितीतरी मुले आळशी नसून कामावरून आलेली असतात. भाच्याने निर्णय घेण्याआधी एका आठवड्याचे कोष्टक मांडावे. त्यात झोप आधी लिहावी, मग वर्ग, मग प्रवास, आणि उरलेल्या जागेत काम बसते का ते पाहावे.

जुनाजाणता
दोन दिवस मी हा धागा वाचतो आहे आणि उत्तर लिहून पुसतो आहे. पाऊलवाट यांनी मला थेट लिहिले म्हणून त्यांना खरे सांगणे भाग आहे.

छापखान्यात माझ्या शेजारी माझ्याच वयाचा एक मुलगा होता. कागद कापायच्या यंत्रावर त्याला तिसऱ्याच दिवशी बसवले. सुरक्षेची पट्टी कशासाठी आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि त्याने विचारले नाही, कारण आम्हाला न विचारण्याची शिकवण होती. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे पेरापासून गेली. मला ती पट्टी ठाऊक होती. मीही बोललो नाही.

पडेल ते काम करावे हे माझे म्हणणे आजही कायम आहे. 'तोंड बंद' हे शब्द मात्र मी मागे घेतो.

सुतारपक्षी
जुनाजाणता, आपण तेव्हा सोळा वर्षांचे होतात. ते सांगण्याचे काम यंत्रावर बसवणाऱ्याचे होते. १९७३ च्या १३८ क्रमांकाच्या कराराने धोकादायक कामासाठी किमान वय सर्वसाधारणपणे १८ ठेवले आहे ते याच कारणाने.

पाऊलवाट
जुनाजाणता काका, आपण लिहिलेत म्हणून धन्यवाद. त्या मुलाची गोष्ट मी आमच्याकडे सोमवारी येणाऱ्या नव्या मुलांना सांगेन.

उंबरठा
मुलीचा पहिला आठवडा झाला, म्हणून परत आलो आहे. माझी दोन पाने मी तिला दिली नाहीत. त्याऐवजी हा धागा वाचायला दिला आणि तिने त्यातून स्वतःच्या वहीच्या पहिल्या पानावर चार प्रश्न उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या सहकाऱ्याने तिला रिकामी खोकी पुठ्ठा दाबायच्या यंत्रात टाकून बटण दाबायला सांगितले. ती म्हणाली, "मला हे अजून कोणी शिकवलेले नाही, कोणाकडून शिकू?" तो माणूस चिडला नाही. त्याने पर्यवेक्षिकेला बोलावले, तिने वय विचारले आणि यंत्रावर चिकटवलेली सूचना दाखवली : अठरा वर्षांखालील व्यक्तीने हे यंत्र चालवू नये. ती सूचना खोक्यांच्या ढिगामागे झाकली गेली होती. त्या दिवशी ढीग हलवला गेला.

घरी आल्यावर तिने हे जेवता जेवता सहज सांगितले आणि पायांना शेक मागितला. बूट रविवारी बदलणार आहोत. पगारपत्रक महिनाअखेरीस येईल. हिशेबनीस, तेव्हा तिच्या वहीतल्या नोंदी घेऊन मी पुन्हा येईन.